दिसेल तो वाचेल

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. संध्याकाळचे सात वाजले होते आणि दवाखान्यात सर्दी-खोकल्याची नेहमीची गर्दी होती. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला आणि चौघांनी रिक्षातून एकाला उचलून आत आणले. मोंढ्यातला हमाल, वय चाळीसच्या आतबाहेर. पाठीवर सोयाबीनचे पोते घेऊन तो एका गाडीच्या मागून गोदामाकडे चालला होता. तीच गाडी मागे आली. क्लीनर दुसऱ्या बाजूला उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होता. गाडीचा मागचा भाग आणि गोदामाचा ओटा यांच्यामध्ये त्याचा उजवा पाय सापडला. घोट्याच्या वरची दोन्ही हाडे मोडली होती. रक्तस्राव थांबवून, पायाला खपाटीचा आधार बांधून मी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले.

त्याच्याबरोबर गाडीचा चालकही आला होता. कोपऱ्यात उभा राहून तो रडत होता. मी विचारले तेव्हा एवढेच म्हणाला, "साहेब, दिसलाच नाही हो. आरशात पोतं दिसलं, माणूस दिसला नाही."

वाचकहो, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तो माणूस खोटे बोलत नव्हता. मातकट रंगाचा सदरा, तसलाच फेटा, अंगावर धान्याची धूळ आणि पाठीवर तागाचे पोते. मागे पोत्यांची थप्पी. संध्याकाळची वेळ. अशा ठिकाणी चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही माणूस वेगळा ओळखू येत नाही. तो पाय आता वाचला आहे, पण पाठीवर ओझे वाहण्याचा राहिला नाही. हमालाचा पाय गेला म्हणजे घराची चूल गेली, हे आपल्यापैकी कोणालाही समजावून सांगायला नको.

म्हणून आज पथ्यपाण्याचा नेहमीचा विषय बाजूला ठेवून एका कपड्याविषयी लिहितो आहे. रस्त्यावरचे पोलीस, महामार्गाचे काम करणारे मजूर जे भडक पोपटी किंवा नारिंगी जाकीट घालतात, ज्याला आपल्याकडे सरसकट 'रेडियमचे जाकीट' म्हणतात, ते हे. डॉक्टरने कपड्यांवर कशाला लिहायचे, असे कोणाला वाटेल. पण मोडलेले हाड जोडण्यापेक्षा ते मोडू न देणे स्वस्त पडते, आणि तेही औषधच आहे.

आधी डोळ्याची गोष्ट

आपला डोळा दिवसाच्या उजेडात पिवळसर हिरव्या रंगाला सर्वांत जास्त दाद देतो. उजेड कमी होऊ लागला की लाल रंग लवकर काळपट दिसू लागतो. लाल फेटा दुपारी फर्लांगभरावरून दिसतो, पण दिवेलागणीला तोच काळा भासतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. भर उन्हातून अंधाऱ्या खोलीत गेल्यावर आपल्याला काही काळ काहीच दिसत नाही. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. बऱ्यापैकी दिसायला काही मिनिटे आणि पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे जातात. आता विचार करा. पत्र्याच्या गोदामाच्या बाहेर दुपारचे लखलखीत ऊन आहे. फोर्कलिफ्टचा चालक बाहेरच्या गाडीवरून माल उचलतो आणि तडक आतल्या अंधारात शिरतो. पहिले काही क्षण तो जवळजवळ आंधळा असतो. दिवसातून पन्नास वेळा आतबाहेर करणारा चालक पन्नास वेळा असा आंधळा होतो.

त्यात वेगाचा हिशेब मिळवा. ताशी दहा किलोमीटर म्हणजे सायकलचाच वेग. पण या वेगाने वाहन सेकंदाला पावणेतीन मीटर जाते. समोर माणूस आहे हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात चार मीटर, म्हणजे तेरा-चौदा फूट अंतर कापले जाते. गाडी थांबायला लागणारे अंतर वेगळेच. गोदामातल्या दोन थप्प्यांमधली वाट किती लांब असते, ते मोजून पाहा. तीन टन माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजनही चार टनांच्या आसपास असते. तिचा धक्का हा धक्का राहत नाही.

म्हणजे चालकाला माणूस चार पावले आधी दिसणे, एवढ्यावरच सगळे अवलंबून असते. जाकिटाचे काम ही चार पावले मिळवून देण्याचे.

रेडियम नव्हे, काचेचे मणी

या जाकिटात रेडियम नावाचे काहीही नसते. त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात आणि दोघींची कामेही निरनिराळी आहेत. बहुतेक खरेदी चुकते ती हा फरक ठाऊक नसल्याने.

पहिली गोष्ट म्हणजे भडक कापड. सूर्यप्रकाशात डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण असतात. हे कापड ते किरण पिते आणि दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकते. म्हणून ते स्वतःच पेटल्यासारखे दिसते. पहाटे, संध्याकाळी, ढगाळ दिवशी ते विशेष उठून दिसते. पण रात्री ही जादू संपते. पिवळ्या सोडियम दिव्याखाली पोपटी जाकीट आणि मळका पांढरा सदरा यांत फारसा फरक उरत नाही.

या रंगांचा जन्मही माल उतरवताना झालेल्या एका अपघातातून झाला आहे. 1933 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात बॉब स्विट्झर नावाचा तरुण सुट्टीत रेल्वेच्या डब्यांतून माल उतरवण्याच्या कामावर होता. तिथे तो पडला आणि डोक्याला जबर मार लागला. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून त्याला बरेच दिवस अंधाऱ्या खोलीत राहावे लागले. डॉक्टर होण्याचे त्याचे स्वप्न तिथेच संपले. पण त्या काळात तो आणि त्याचा भाऊ जो चमकणाऱ्या रंगद्रव्यांच्या नादी लागले आणि त्यातून पुढे हे दिवसा उजळणारे रंग तयार झाले. 1964 मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो येथे रेल्वेमार्गावर काम करणाऱ्यांना असे नारिंगी जाकीट प्रथम घालायला दिले, तेव्हा लोक त्यांना 'काजवे' म्हणू लागले.

दुसरी गोष्ट म्हणजे चंदेरी पट्टी. तिच्यात काचेचे अतिशय बारीक मणी किंवा लोलक असतात. ते आलेला प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतात. रात्री रस्त्यात मांजराचे किंवा बैलाचे डोळे गाडीच्या दिव्यात चमकतात, तसेच हे. पण यात एक मेख आहे. पट्टी प्रकाश दिव्याकडे परत पाठवते. तो आपल्याला दिसायचा तर दिवा आपल्या डोळ्यांजवळ हवा. गोदामाच्या छताला टांगलेल्या दिव्याचा प्रकाश पट्टी छताकडेच पाठवणार. चालकाला त्यातले काही दिसणार नाही. फोर्कलिफ्टचे किंवा ट्रकचे पुढचे दिवे बंद असतील, मागचे फुटलेले असतील, तर शंभर रुपयांची काय आणि हजार रुपयांची काय, पट्टी ही नुसती शोभेची किनार.

सारांश, दिवसा कापड काम करते, रात्री पट्टी काम करते आणि पट्टीला गाडीच्या दिव्याची साथ लागते. यातले एक नसेल तर दिवसाच्या एका प्रहराला आपण उघडे पडतो. आपल्याकडे सोयाबीन, कापूस, तुरीची खरी आवक दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. नेमका त्याच दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. काम जास्त, उजेड कमी.

बाजारात काय पाहून घ्यावे?

बाजारात शे-दीडशे रुपयांपासून जाकिटे मिळतात. सगळी वाईट नसतात, पण पुष्कळशी नुसती रंगीत असतात. भारतीय मानक ब्यूरोचे यासाठी स्वतंत्र मानक आहे, आय.एस. 15809. आंतरराष्ट्रीय मानक आय.एस.ओ. 20471 या नावाचे आहे. आतल्या बाजूच्या चिठ्ठीवर यांपैकी एकाचा उल्लेख आहे का, ते पाहावे.

आंतरराष्ट्रीय मानकात तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात भडक कापड किमान 0.14 चौरस मीटर आणि पट्टी 0.10 चौरस मीटर. दुसऱ्यात कापड 0.50 आणि पट्टी 0.13. तिसऱ्यात कापड 0.80 आणि पट्टी 0.20, शिवाय पट्टी असलेल्या बाह्या किंवा पूर्ण लांबीची विजार हवीच. जिथे माणसे आणि वाहने एकाच जागेत वावरतात तिथे दुसऱ्या वर्गाच्या खाली जाऊ नये, असे माझे मत आहे. रात्रपाळीत उघड्या आवारात ट्रक लावून घेणाऱ्यांना तिसराच वर्ग हवा.

हे आकडे दुकानात कसे ताडायचे? सोपे आहे. पट्टीची रुंदी किमान पाच सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन इंच असावी लागते. 0.13 चौरस मीटर भरायला अशी पट्टी दोन मीटर साठ सेंटिमीटर लागते. शिंप्याचा टेप घ्या आणि जाकिटावरच्या पट्ट्या मोजा. साडेआठ फुटांच्या आत भरल्या किंवा पट्टी इंचभर रुंदीची निघाली, तर ते दुसऱ्या वर्गाचे नाही, मग दुकानदार काहीही सांगो. पट्टी कमरेभोवती पूर्ण फिरलेली हवी. पुढून दिसणारा आणि बाजूने गुप्त होणारा माणूस काय कामाचा? गाडी काही नेहमी पुढूनच येत नाही.

दुसरी परीक्षा बॅटरीची. गोदामातले दिवे मालवून एकाला जाकीट घालून वीस-पंचवीस पावलांवर उभे करा. बॅटरी आपल्या कानशिलाला लावून त्याच्यावर धरा. पट्टी पांढरीशुभ्र भडकली पाहिजे. राखाडी दिसली तर ती मेलेली आहे. हीच परीक्षा जुन्या जाकिटांचीही दर दोन-तीन महिन्यांनी घ्यावी.

आणि एक विनंती. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला अशी जाकिटे वाटण्याची पद्धत सुरू झाली आहे. हेतू चांगला असेल. पण पाठीवर हातभर छायाचित्र, खाली शुभेच्छुकांची नावे, आणि पट्टी उरते बोटभर. जेवढे भडक कापड छपाईखाली झाकले जाते तेवढे ते निकामी होते. दुकानाच्या नावाचेही तेच. नाव घालायचेच असेल तर खिशापुरते घाला.

हळदीच्या गोदामात पिवळे नको

रंग कोणता, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. उत्तर एकच नाही. आजूबाजूला जो रंग नाही तो घ्यावा. सांगली किंवा वसमतकडे हळदीच्या गोदामात भिंती, जमीन, पोती सारे पिवळे झालेले असते. तिथे पिवळसर जाकीट विरून जाते, नारिंगी उठून दिसते. नंदुरबारकडे मिरचीच्या ढिगांत नारिंगी हरवेल, तिथे पोपटी चांगले. नव्या मोठ्या गोदामांत लोखंडी मांडण्यांचे आडवे दांडे बहुधा नारिंगी रंगवलेले असतात. तिथेही पोपटीच. काही पुरुषांना लाल-हिरव्या रंगातला फरक जन्मतः नीट कळत नाही. त्यांनाही पोपटी रंगाची चमक बरी ओळखता येते.

सगळ्यांनाच एक रंग द्यावा का? नाही. रोजचे हमाल एका रंगात आणि बाहेरगावचे चालक, क्लीनर, माल घेऊन आलेले शेतकरी दुसऱ्या रंगात असले, तर नवखा कोण ते लगेच कळते. अपघात नवख्याचाच आधी होतो. दरवाजावर चार-पाच जाकिटे टांगून ठेवली तरी हे काम भागते.

पाठीवर पोते, मग पट्टी कुठे?

इथे मला जाकीट बनवणाऱ्यांशी भांडायचे आहे. त्यांनी पट्ट्या छातीवर आणि पाठीवर लावल्या. हमालाच्या पाठीवर पोते असते! पोते चढले की पाठीची पट्टी झाकली. तो पुढे वाकलेला, म्हणून छातीची पट्टी जमिनीकडे. वर सांगितलेल्या माझ्या रुग्णाने उत्तम जाकीट घातले असते तरी चालकाला पोतेच दिसले असते.

मग काय करावे? पट्ट्या जिथे झाकल्या जात नाहीत तिथे हव्यात. पोटऱ्यांवर, गुडघ्याखाली, मनगटावर. याला दुसरेही कारण आहे. माणूस कसा चालतो ते आपला मेंदू जन्मापासून पाहत आलेला असतो. अंधारात नुसती छातीवरची पट्टी दिसली तर तो खांब आहे की फलक, हे कळायला वेळ लागतो. पण घोट्यांजवळचे दोन ठिपके पुढेमागे हलताना दिसले की माणूस चालला आहे हे एका क्षणात कळते. यावर परदेशात पुष्कळ प्रयोग झाले आहेत आणि ते हेच सांगतात. म्हणून हमालांसाठी जाकिटाबरोबर पायाला बांधायच्या पट्ट्या हव्यातच. धोतर किंवा लेंगा नेसणाऱ्यांनाही त्या पोटरीवर बांधता येतात. माझ्या मते एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर पाठीवर ओझे वाहणाऱ्याला आधी पायाच्या पट्ट्या द्याव्यात.

आणखी एक. जाकीट पुढून चिकटपट्टीने बंद होणारे असावे, ओढले की सुटणारे. सरकत्या पट्ट्यात किंवा गाडीच्या हुकात अडकले तर कपडा सुटला पाहिजे, माणूस ओढला जाता कामा नये. लोंबत्या नाड्या नकोत. सैल, मोठ्या मापाचे जाकीट सगळ्यांना चालते, हा समज घातक आहे.

यात बायकांचा विचार कोणीच करत नाही. धान्य निवडणाऱ्या, चाळणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या बायका मोंढ्यात कितीतरी आहेत. साडीवर नवऱ्याचा जुना सदरा चढवून त्या दिवसभर खाली बसून काम करतात. खाली बसलेले माणूस ट्रकच्या आरशात मुळीच येत नाही. त्यांना त्यांच्या मापाचे, साडीवर बसणारे आणि पदर आत खोचून धरणारे जाकीट द्या. त्यांची बसण्याची जागा गाड्यांच्या वाटेपासून दूर, आडोशाला आखून द्या. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची.

रोगापेक्षा इलाज भयंकर नको

"डॉक्टर, आम्ही जाकिटे दिली होती. हे लोक घालतच नाहीत," असे एक व्यापारी मला म्हणाले. मी ते जाकीट मागवून पाहिले. जाड, रेक्झिनसारखे, वाऱ्याला वाव नसलेले. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात ते अंगावर घालून पन्नास किलोची पोती वाहायची? शरीर थंड राहते ते घाम वाळल्यामुळे. घाम वाळू दिला नाही तर आतली उष्णता वाढत जाते. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे, आणि तरी काम रेटले तर उष्माघात. उष्माघातात माणूस दगावतो. हमालाने ते जाकीट काढून फेकले, यात त्याचे शहाणपणच होते.

म्हणून आपल्या हवेत जाळीदार कापडाचे, बाह्या नसलेले, बगलेत मोकळे जाकीट घ्यावे आणि आत सुती बंडी घालावी. कडक उन्हाळ्यात पायाच्या पट्ट्यांवर आणि छातीवरच्या नुसत्या पट्ट्यांच्या पट्ट्यावर भागवून गाड्यांची ये-जा वेगळ्या वेळी ठेवता येते का, ते पाहावे. प्यायचे पाणी हाताशी असावे, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा आजार कातडीचा. सकाळच्या पाळीत एकाने घातलेले घामट जाकीट दुपारी दुसऱ्याने चढवायचे, असे बऱ्याच ठिकाणी चालते. त्यातून नायटा आणि खरूज एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातात. गजकर्णाने बेजार झालेल्या हमालांच्या टोळ्या मी पाहिल्या आहेत. मलम सगळ्या टोळीला एकदम लावल्याशिवाय तो आटोक्यात येत नाही. प्रत्येकाला स्वतःची दोन जाकिटे, एक अंगावर आणि एक दोरीवर, हाच उपाय.

धुताना ती दगडावर आपटू नयेत, ब्रशने घासू नयेत, ब्लीचिंग पावडर वापरू नये. साध्या पाण्यात साबण लावून हलक्या हाताने धुवावीत आणि सावलीत वाळवावीत, कारण उन्हाने रंग उडतो. पट्टीवर इस्त्री फिरवू नये. किती धुण्यांपर्यंत जाकीट टिकेल, हे चांगल्या जाकिटाच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. मिरची, हळद, सरकीच्या धुळीने माखलेले जाकीट न धुणे म्हणजे ते न घालण्यासारखेच आहे.

जाकीट म्हणजे ताईत नव्हे

एवढे सगळे सांगून झाल्यावर आता उलटी गोष्ट सांगतो. जाकीट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. औद्योगिक सुरक्षेच्या शास्त्राचा क्रम असा : आधी धोकाच काढून टाका, ते जमत नसेल तर माणूस आणि यंत्र यांना वेगळे ठेवा, मग नियम आणि शिक्षण, आणि सर्वांत शेवटी अंगावरची साधने. आपण नेमके शेवटून सुरू करतो, कारण ते स्वस्त असते आणि त्याचे छायाचित्र काढता येते.

गोदामात माणसांची वाट आणि गाड्यांची वाट चुन्याने का होईना, वेगळी आखायला किती खर्च येतो? गाडी मागे घेताना फक्त एकाच माणसाने इशारा करायचा, तो चालकाला आरशात दिसेल असाच उभा राहायचा, आणि तो दिसेनासा झाला की चालकाने गाडी थांबवायची, या नियमाला पैसा लागत नाही. मागे जाताना वाजणारा भोंगा दुरुस्त ठेवणे, कोपऱ्यावर गोल आरसा लावणे, जळालेला बल्ब त्याच दिवशी बदलणे, ही कामे जाकिटाच्या आधीची आहेत. चालकाचे डोळे दर वर्षी तपासून घेणे, हेही. मोतीबिंदू सुरू झालेल्या चालकाला समोरच्या दिव्याने दिपायला होते. त्याच्यासमोर कितीही भडक जाकीट घालून उभे राहा, उपयोग नाही. गावात नेत्रशिबिरे पुष्कळ होतात. एखादे मोंढ्याच्या फाटकात घ्या की!

माझी खरी भीती वेगळी आहे. जाकीट एकदा वाटले की सगळी जबाबदारी हमालावर ढकलता येते. "दिले होते, घातले नाही, त्याची चूक." अपघात झाला की पहिला प्रश्न हाच विचारला जातो. त्या गाडीला मागचा दिवा होता का, वाट मोकळी होती का, क्लीनर कुठे उभा होता, हे प्रश्न कोणी विचारत नाही. न घालणाऱ्याला दंड करण्याच्या मी विरोधात आहे. आधी त्याला विचारा, का घालत नाहीस? दहातली नऊ उत्तरे खरी निघतील. उकडते, मापाचे नाही, फाटले आहे, एकच आहे आणि ते वाळत घातले आहे. हा दोष कपड्याचा, माणसाचा नव्हे. खरेदीपूर्वी टोळीतल्या चार जणांना नमुने घालून आठवडाभर काम करू द्या आणि त्यांच्या पसंतीने घ्या. घालणारा तोच आहे.

खर्च कोणी करायचा?

शेवटी गाडी येऊन थांबते ती इथे. कारखान्याला एक मालक असतो. हमालाला दहा मालक, म्हणून एकही नाही. अडत्या म्हणतो वाहतूकदाराने द्यावे, वाहतूकदार म्हणतो खरेदीदाराने, खरेदीदार मुकादमाकडे बोट दाखवतो, आणि मुकादम हमालाच्या हिशेबातून पैसे कापतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला तो नेमका या अडचणीवर उपाय म्हणून. अनेक मालक असलेल्या कामगारासाठी मंडळे नेमून त्याची मजुरी आणि कल्याणाच्या सोयी त्यांच्यामार्फत द्यायच्या, ही त्यामागची कल्पना. देशात व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांविषयीची 2020 ची संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. सुरक्षेच्या साधनांचा पैसा मालकाने कामगाराकडून वसूल करू नये, असे तीही सांगते. कायदा आहे, तत्त्व आहे. आपल्या मोंढ्यात त्याचा कपडा करून अंगावर चढवायचा राहिला आहे.

माझी सूचना साधी आहे. बाजार समितीने पुढाकार घ्यावा. माथाडी मंडळ, व्यापारी आणि हमालांचे प्रतिनिधी यांनी एकत्र बसून मोंढ्यातल्या प्रत्येक नोंदलेल्या हमालाला आणि निवडणाऱ्या बायांना दोन जाकिटे आणि पायाच्या पट्ट्यांची जोडी द्यावी. वर्षाने बदलून द्यावी. दिवाळीच्या आधी द्यावी, अपघातानंतर नव्हे. आणि त्याच बैठकीत गाड्या मागे घेण्याचा नियम लिहून फाटकावर लावावा. उसाच्या ट्रॉलीला आणि बैलगाडीला मागून लाल रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम आपण दर हंगामात करतो. उसाला जे मिळते ते माणसाला मिळू नये काय?

आपल्या तालुक्यातली कितीतरी मुले आज भिवंडी, चाकणकडच्या मोठमोठ्या गोदामांत कामाला आहेत. सणाला घरी आली की त्यांना एवढे विचारा, तुझे जाकीट तुझे स्वतःचे आहे का? कामाच्या जागी चालायची वाट वेगळी आहे का? रात्री गाड्यांचे दिवे चालू असतात का? मुलगा पगार किती मिळतो ते सांगतोच. हे आपण होऊन सांगत नाही.

परवा तो हमाल कुबडी घेऊन दवाखान्यात आला होता. जखम भरली आहे. मोंढ्यात फाटकापाशी बसून गाड्यांची नोंद करण्याचे काम त्याला मिळण्यासारखे आहे. उठताना तो म्हणाला, "डॉक्टर, आता मी सगळ्यांना दिसतो. तेव्हा कोणालाच दिसलो नाही." मला उत्तर सुचले नाही. ते उत्तर मोंढ्यातल्या शहाण्यांनी द्यायचे आहे.